थांबा, पुन्हा मोजा

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे. दगडावर कोरलेला नाही, फळ्यावर लिहिलेला नाही, की कुणी भिंतीवर चिकटवलेलाही नाही. मी संगणकातल्या एका तक्त्यात राहतो. तक्त्याच्या सहाव्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत, प्रत्येक चौकोनात मीच आहे. तुम्ही तक्ता उघडलात तरी मी तुम्हाला दिसणार नाही. मला रंग नाही, वजन नाही, सावली नाही. पण त्या चौकोनात काहीतरी वेडंवाकडं टाइप करून बघा. मग कळेल मी कोण आहे ते!

जरा तोऱ्यात बोललो, माफ करा. पण अकरा वर्षं एका जागी उभं राहून ज्याने तीन हजारांवर माणसांच्या पायांची राखण केली, त्याला थोडासा तोरा शोभतो असं मला वाटतं. "पायांची?" असं तुम्ही विचाराल. हो, पायांचीच. ज्यांचा पाय अपघातात किंवा आजारात गेला आहे, अशांसाठी कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्याचा हा तक्ता आहे. कारखाना म्हणजे मोठं काही नाही. डाव्या हाताला मोजणीची खोली, उजव्या हाताला करवती आणि साचे ठेवलेली कामाची खोली, आणि मध्ये एक लांबट हॉल. हॉलमध्ये पाय मोजायला आलेल्यांसाठी लाकडी बाक, आणि बाकासमोर टेबलावर माझा संगणक. मला डोळे नाहीत, पण टेबलापाशी जे बोललं जातं ते सगळं ऐकू येतं. राहिलेलं मी टाइप करणाऱ्याच्या बोटांवरून आणि मागाहून रंगणाऱ्या गप्पांवरून ओळखतो. घाईची बोटं वेगळी असतात आणि काळजीची वेगळी.

माझा जन्म कसा झाला ते सांगतो. त्याआधीचा काळ फार गमतीचा होता, पण ती गंमत लोकांच्या जिवावर बेतणारी होती. माझ्या कॉलमचं नाव आहे 'बनवायच्या पायाची लांबी'. गुडघ्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर, एवढंच तिथे लिहायचं. साधा आकडा. पण चौकोनाला दार नव्हतं, त्यामुळे ज्याच्या मनात जे येईल ते तो आत टाकायचा. कुणी लिहायचं 'साधारण एक्केचाळीस'. कुणी 'एक्केचाळीस किंवा बेचाळीस'. कुणी 'मिस्त्रींना विचारा', आणि स्वतः मिस्त्री लिहायचे 'माझ्या लक्षात आहे'. एका ओळीत तर नुसतं 'उंच माणूस' असं लिहिलं होतं. चौकोन बिचारा सगळं पोटात घ्यायचा.

मिस्त्री म्हणजे कारखान्यातले मुख्य कारागीर. पाय मोजायचे तेही त्यांनीच आणि घडवायचे तेही त्यांनीच. हात सोन्याचे, अक्षर कावळ्याच्या पायांचं. आणि नोंदणीचं काम होतं ताईंकडे. सगळे त्यांना ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेले मिस्त्रीसुद्धा.

एकदा एका शाळेतल्या बाईंचा पाय बदलायचा होता. त्यांच्या ओळीत कुणीतरी लिहून ठेवलं, 'मागच्यासारखाच'. मागचा म्हणजे कुठला? त्यांचा मागचा, की तक्त्यात त्यांच्या वर नाव असलेल्या माणसाचा? कामाच्या खोलीत दुसरा अर्थ घेतला गेला, आणि पाय चार सेंटिमीटर लांब झाला. बाई तो घालून उभ्या राहिल्या तेव्हा एका बाजूला कलल्या. भिंत धरून दोन पावलं टाकली आणि ओशाळून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकत असेल चालताना. सवय होईल हळूहळू."

ताईंना ते ऐकवलं नाही. चूक आपली, आणि माफी मागतायत त्या! त्या दिवशी दुपारी ताईंनी जेवणाचा डबा तसाच बाजूला सरकवला आणि संगणकासमोर बसल्या. हे शिकवायला कुणी नव्हतं. एकेक बटण दाबून बघत बघत त्यांनी एक छोटी खिडकी उघडली. 'डेटा व्हॅलिडेशन' असं भारदस्त नाव होतं तिचं. तिथे तीनच गोष्टी विचारल्या होत्या. या चौकोनात काय चालेल? कुठपासून कुठपर्यंत? आणि कुणी चुकीचं लिहिलं तर त्याला काय सांगायचं?

पहिल्या दोन गोष्टी ताईंनी पटकन भरल्या. फक्त आकडा चालेल, वीसपासून साठपर्यंत. वीसच्या खाली तान्ह्या बाळाचा पाय, साठच्या वर जिराफाचा. तिसऱ्या गोष्टीपाशी मात्र त्या अडल्या. काहीच लिहिलं नाही तर संगणक आपणहून म्हणतो, 'आपण भरलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही.' ताईंनी ते मिस्त्रींना वाचून दाखवलं.

"हे काय कोर्टातून समन्स आल्यासारखं?" मिस्त्री म्हणाले. "माणसाला कळेल असं लिहा ना काहीतरी."

ताईंनी बराच वेळ विचार केला. बाकावर त्या शाळेतल्या बाई अजून बसलेल्या होत्या, पाय काढून मांडीवर घेऊन. ताईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, 'थांबा. पुन्हा मोजा. पाय घालणारा माणूस वाट बघतोय.'

मित्रांनो, हे माझे पहिले शब्द. आजवर मी दुसरं काही बोललेलो नाही, आणि मला दुसरं काही बोलावंसंही वाटत नाही. त्याबरोबर ताईंनी मला एक पिवळी चिठ्ठीही दिली. चौकोनावर कुणी नुसतं येऊन थांबलं तरी ती शेजारी उघडते. 'सेंटिमीटरमध्ये लिहा. फक्त आकडा.' एवढंच तिच्यावर आहे. म्हणजे चिठ्ठीने आधी गोडीत सांगायचं, आणि ऐकलं नाही तर मी आडवं यायचं.

मग ताईंनी माझी परीक्षा घेतली. चारशे लिहिलं, मी अडवलं. स्वतःचं नाव लिहिलं, अडवलं. 'अहो सोडा ना' असं लिहून पाहिलं, तेही अडवलं. ताई एकट्याच खुदकन हसल्या. मग बेचाळीस लिहिलं आणि मी निमूटपणे बाजूला झालो. त्या दिवशी त्या शाळेतल्या बाईंचा पाय पुन्हा मोजला गेला, आणि तो आकडा माझ्या दारातून आत गेलेला पहिला खरा आकडा.

सुरुवातीला माझं आणि मिस्त्रींचं अजिबात पटलं नाही. एका सकाळी त्यांनी एका पेंटरचा पाय मोजला आणि सतरा असा आकडा टाइप केला. मी अडवलं. त्यांनी पुन्हा सतरा लिहिलं, जरा जोरात. मी पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा तर टेबल हाललं.

"ताई, तुमच्या या हवालदाराला सांगा," मिस्त्री ओरडले, "तीस वर्षं पाय बनवतोय मी. हा काल आला आणि मला शिकवतोय!"

"तो शिकवत नाही हो, पुन्हा मोजा म्हणतोय," ताई शांतपणे म्हणाल्या. "मोजा की. पेंटर कुठे पळून जातोय?"

मिस्त्री धुसफुसत मोजणीच्या खोलीत गेले आणि जरा वेळाने मुकाट्याने परत आले. झालं होतं असं, की मोजायच्या टेपला दोन अंगं असतात. एका अंगावर सेंटिमीटर, दुसऱ्यावर इंच. टेप उलटी पडली होती आणि मिस्त्रींनी इंच वाचले होते. त्यांनी त्रेचाळीस लिहिलं, मी वाट मोकळी केली. मिस्त्री जाता जाता संगणकाच्या डोक्यावर हलकीच टपली मारून म्हणाले, "आहेस रे कामाचा!" त्या दिवसापासून माझं नाव हवालदार पडलं, आणि ती टपली मला रोज सकाळी मिळू लागली. माझ्या आयुष्यातला पहिला मान तो.

पण खरं सांगायचं तर तेव्हा मी अर्धाच शहाणा होतो. एकदा पंचेचाळीसच्या जागी चौपन्न लिहिलं गेलं. आकड्यांची अदलाबदल. चौपन्न हा आकडा वीस आणि साठच्या मधलाच, त्यामुळे मी त्याला सलाम ठोकून आत सोडलं. ती चूक मिस्त्रींच्या नजरेने पकडली, माझ्या नाही. मला फार लाज वाटली. ताईंनी मात्र मला रागावून काढून टाकलं नाही, नवा धडा शिकवला. शेजारच्या पाचव्या कॉलममध्ये माणसाच्या चांगल्या पायाची लांबी असते. बनवायचा पाय त्याच्याहून फार तर एक सेंटिमीटर कमी-जास्त असू शकतो. "यापुढे नुसतं दारात उभं राहू नकोस," त्या टाइप करता करता पुटपुटल्या, "शेजारीही बघत जा." तेव्हापासून मी शेजारी बघतो. असे हुशार नियम फार नसतात बरं का!

दहा वर्षं अशी मजेत गेली. पाय घालून माणसं हॉलमध्ये पहिली पावलं टाकायची. कुणी रडायचं, कुणी हसायचं. एका आजोबांनी तर लगेच बाहेरच्या पायऱ्या चढून-उतरून दाखवल्या. माझं नाव कुणाच्या तोंडी नसायचं, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. मिस्त्रींची टपली पुरेशी होती.

मग नवे साहेब आले. साहेब मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. उलट त्यांना जास्त लोकांना पाय द्यायचे होते, आणि तेही लवकर. ज्यांना इथवर येता येत नाही त्यांच्या गावी जाऊन मोजमाप घ्यायचं, ही कल्पना त्यांचीच. पण माणूस सगळा घाईचा. त्यांनी नोंदणीचं काम स्वतःकडे घेतलं आणि ताईंना मागच्या भांडारात सामान सांभाळायला पाठवलं. जाताना ताईंनी टेबल पुसलं, कीबोर्डवरची धूळ झटकली, आणि गेल्या.

एका फेरीत साहेब चाळीस माणसांची मापं घेऊन आले. ती त्यांनी प्रवासातच आपल्या लॅपटॉपवर, आपल्या वेगळ्या तक्त्यात भरली होती. ती माझ्या तक्त्यात आणायची होती. पहिल्या ओळीतच त्यांनी 'बेचाळीस सेमी' असं अक्षरांत लिहिलं. मी आडवा आलो.

"अरे, काय कटकट आहे ही!" साहेब म्हणाले. "चाळीस ओळी आहेत माझ्याकडे. प्रत्येक ओळीला असा थांबत बसलो तर झालंच."

आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? आपल्या तक्त्यातल्या चाळीसच्या चाळीस ओळी एकदम उचलल्या आणि माझ्यावर आणून ठेवल्या. कॉपी आणि पेस्ट.

मित्रांनो, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण क्षण. कुणी टाइप केलं तर ते माझ्या दारातून येतं आणि मी त्याला विचारू शकतो. पण असं उचलून ठेवलेलं माझ्या दारातून येतच नाही. ते जुना चौकोन बाजूला सारतं आणि तिथे आपला चौकोन बसवतं. दारासकट, माझ्यासकट. त्या चाळीस चौकोनांतून मी पुसला गेलो. वरच्या ओळींत मी होतो, खालच्या रिकाम्या ओळींत मी होतो, आणि मधे चाळीस चौकोन उघडे. तिथे काय लिहिलंय ते मला शेजारून दिसत होतं आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. साहेबांना कशाचाच पत्ता नव्हता. ते समाधानाने म्हणाले, "झालं! दोन मिनिटांत."

त्या चाळिसांत शेजारच्याच गावातल्या एका टपालवाल्यांची ओळ होती. चांगल्या पायाची लांबी त्रेचाळीस. बनवायच्या पायाची लांबी साडेबेचाळीस हवी होती, पण प्रवासात लॅपटॉप हिंदकळला म्हणा की साहेबांना झोप आली म्हणा, तिथे पडलं होतं साडेचोवीस. एवढा पाय तर दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा असतो. मी तिथे असतो तर तो आकडा चौकटीला टेकूसुद्धा दिला नसता!

पुढच्या आठवड्यात नळ्या कापायचा दिवस आला. पायाच्या आत एक नळी असते, तिच्यावर माणसाचं सगळं वजन पेलतं. तक्त्यातल्या लांबीतून पाऊल आणि वरचा साचा वजा करून मिस्त्री तिचं माप काढतात. कारखान्याची पद्धत अशी, की सगळ्या नळ्या एकाच दिवशी ओळीने कापायच्या, म्हणजे करवत पुन्हा पुन्हा लावावी लागत नाही. चाळीस माणसांसाठी मोजून चाळीस नळ्या आल्या होत्या. एक जरी आखूड कापली गेली, तर दुसरी यायला तीन आठवडे.

त्याच सकाळी टपालवाले स्वतः हॉलमध्ये आले. काखेत कुबड्या, सोबत त्यांची लेक. टक्, टक् असा कुबड्यांचा आवाज माझ्यासमोरून गेला आणि बाकापाशी थांबला. साहेब कुठल्याशा बैठकीला गेले होते. ताई भांडारातून यादी घेऊन जात होत्या, त्यांना लेकीने हाक मारली.

"ताई, बाबांचा पाय कधी मिळेल हो? पुढच्या सोमवारी त्यांची चाचणी आहे."

"कसली चाचणी गं?"

उत्तर टपालवाल्यांनीच दिलं. "माझी पूर्ण फेरी पिशवी खांद्यावर घेऊन चालून दाखवायची. दोनशे अकरा दारं. जमलं तर फेरी माझी. नाही जमलं, तर दुसऱ्याला देणार कायमची, आणि मला खिडकीमागे बसवणार शिक्के मारायला." त्यांनी कुबड्या बाकाला टेकवल्या. "सव्वीस वर्षं चालतोय मी, ताई. कुठल्या घरातलं कुत्रं खरं चावतं आणि कुठलं नुसतं भुंकतं ते मला माहीत आहे. खिडकीत बसून मी कुणाचं दार वाजवू?"

"बाबा, होईल वेळेवर," लेक म्हणाली, पण तिचा आवाज काही फारसा ठाम नव्हता.

"थांब, तारीख बघते," असं म्हणून ताई कितीतरी दिवसांनी माझ्यासमोर बसल्या. ती बोटं मी लगेच ओळखली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ताईंनी टपालवाल्यांची ओळ शोधली आणि बाणाचं बटण दाबत एकेका चौकोनावरून पुढे जाऊ लागल्या. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मग सहावा. सहाव्यावरून त्या पुढे गेल्या आणि थबकल्या. मागे आल्या. पुन्हा सहाव्या चौकोनावर थांबल्या.

पिवळी चिठ्ठी उघडली नव्हती.

मित्रांनो, एखादी गोष्ट असली तर ती कुणालाही दिसते. पण मी तिथे नाही हे फक्त ताईंना दिसलं. इतकी वर्षं ती छोटीशी चिठ्ठी त्यांच्या नजरेसमोर उघडत आली होती, आणि आज ती उघडली नाही. त्या खालच्या चौकोनावर गेल्या. चिठ्ठी नाही. वरच्या चौकोनावर गेल्या. तिथेही नाही. एकोणतीस ओळी वर गेल्यावर मी त्यांना सापडलो, आपल्या जागी, ताठ उभा.

"इथवर आहेस," त्या पुटपुटल्या, "मग पुढे कुठे गेलास?"

त्यांनी वरच्या चौकोनातून मला, फक्त मला, उचललं आणि त्या चाळीस उघड्या चौकोनांत पसरवलं. आकड्यांना हात लावला नाही. मग त्यांनी ते दुसरं बटण दाबलं, जे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते दाबलं की माझ्या नियमात न बसणाऱ्या प्रत्येक नोंदीभोवती लाल गोल उमटतो. इतके दिवस मी जे शेजारून मुकाट्याने पाहत होतो, ते एका क्षणात सांगून टाकलं. चाळीस ओळींत तीन लाल गोल. एका चौकोनात ते 'बेचाळीस सेमी' अक्षरांत. एका चौकोनात काहीच नाही, नुसतं टिंब. आणि तिसऱ्यात साडेचोवीस.

ताईंनी समोर पाहिलं. बाकावर चांगला उंचापुरा माणूस बसला होता. कामाच्या खोलीतून करवतीचा आवाज येत होता.

"मिस्त्री, थांबा!" ताई तिथूनच ओरडल्या. अकरा वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "करवत बंद करा आधी!"

त्या धावत आत गेल्या. पुढचं मला मिस्त्रींच्या तोंडून कळलं. अठ्ठावीस नळ्या कापून झाल्या होत्या, एकोणतिसावी चापात घट्ट बसवलेली होती आणि तिच्यावर खडूची खूण होती. ती टपालवाल्यांचीच. सुदैवाने पहिल्या ओळीतलं 'बेचाळीस सेमी' मिस्त्रींनी बेचाळीसच वाचलं होतं, आणि टिंबाची नळी अजून पुढे होती. "मला वाटलं, आहे कुणाचं तरी लहान पोर," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

टपालवाल्यांना मोजणीच्या खोलीत नेलं. मिस्त्रींनी टेप दोन्ही अंगांनी तपासून मोजलं, आणि मग पुन्हा मोजलं. साडेबेचाळीस. ताईंनी ते माझ्या चौकोनात टाइप केलं. मी शेजारी पाहिलं, त्रेचाळीस. ठीक. लाल गोल गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब परतले. करवत बंद, सगळे हॉलमध्ये गोळा झालेले, हे पाहून त्यांनी काय झालं विचारलं. ताईंनी सांगितलं. साहेब जरा वरमले, पण लगेच सावरून म्हणाले, "चाळीस ओळी टाकल्या मी. त्यात एखादी ओळ चुकणारच ना, ताई."

ताईंनी आवाज चढवला नाही. "ती एक ओळ समोर बाकावर बसलीय, साहेब."

साहेबांनी बाकाकडे पाहिलं. टपालवाल्यांना यातलं अर्धंच कळलं होतं. ते आपले नम्रपणे कुबड्या सरळ करत म्हणाले, "माझ्यामुळे काही घोळ झाला का?"

साहेबांनी खुर्ची ओढली, टपालवाल्यांच्या समोर बसले आणि म्हणाले, "तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. मी नीट मोजून घेतलं नाही. तुमचा पाय सोमवारच्या आत मिळेल, मी स्वतः आणून देतो." मग ते ताईंकडे वळले. "हे टेबल तुमचंच आहे. आणि मला तो लाल गोलाचा प्रकार शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात नवी पद्धत पडली. बाहेरून आणलेल्या ओळी तक्त्यात कुठूनही येवोत, ताई आधी मला त्यांच्यावर पसरवतात आणि मग लाल गोलांचं बटण दाबतात. आतून मिस्त्री विचारतात, "हवालदार काय म्हणतोय?" ताई म्हणतात, "एकही गोल नाही." तेव्हाच मिस्त्री करवतीला हात लावतात. सांगा बघू, असा मान किती नियमांना मिळतो?

सोमवारी काय झालं ते आम्हाला सोमवारी कळलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मिस्त्री उगाचच दोन-तीनदा दारापर्यंत जाऊन आले. साहेब म्हणाले, "फोन करू का?" ताई म्हणाल्या, "नको, येतील."

गुरुवारी सकाळी बाहेरच्या तीन पायऱ्यांवर पावलं वाजली. कुबड्यांची टक् टक् नव्हती. टप, टप, टप. माझ्यासमोर येऊन थांबली, आणि टेबलावर पत्रांचा गठ्ठा पडला.

"टपाल!" आवाज ओळखीचा होता. "आता तुमचं दारही माझ्याच फेरीत घेतलंय मी. दोनशे बारा झाली."

मिस्त्री हातातलं काम टाकून आले. साहेब उठून उभे राहिले. टपालवाल्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाले, "पण ताई, माझी लेक सांगत होती, चूक कुणीतरी वेगळ्यानेच पकडली म्हणून. त्यांना भेटायचं होतं मला."

ताई हसल्या. त्यांनी खालच्या एका रिकाम्या ओळीत टपालवाल्यांचंच नाव लिहिलं, चांगला पाय त्रेचाळीस लिहिला, आणि माझ्या चौकोनात मुद्दाम साडेचोवीस टाइप केलं. मी तत्काळ आडवा आलो. टपालवाले खाली वाकले. आयुष्यभर पत्त्यांवरची अक्षरं वाचलेला तो माणूस माझे शब्द एकेक करून मोठ्याने वाचू लागला.

"थांबा. पुन्हा मोजा. पाय घालणारा माणूस..."

ते तिथेच थांबले. पुढचे दोन शब्द तसेच राहिले. मग त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली, संगणकाच्या डोक्यावर, मिस्त्री मारतात तिथेच, हलकीच टपली मारली आणि म्हणाले, "चला, अजून बरीच दारं राहिलीत."

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. तुम्हीही कधी कुठल्यातरी चौकोनात काही भरायला बसाल आणि माझ्यासारखा कुणीतरी तुम्हाला अडवेल. तेव्हा त्याच्यावर चिडू नका, आणि त्याला पुसून पुढे जाऊ नका. त्याचे शब्द रुक्ष असतील, कारण सगळ्यांनाच आमच्या ताई भेटत नाहीत. पण त्याच्यामागे कुठल्यातरी बाकावर एक माणूस बसलेला असतो. त्याच्यासाठी एकदा थांबा, आणि पुन्हा मोजा.

त्या दिवशी टपालवाले पायऱ्या उतरून गेले तेव्हा मी कान देऊन ऐकत होतो. रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकत होतो. डावं पाऊल कुठलं आणि उजवं कुठलं, मला ओळखता आलं नाही. दोन्हींचा आवाज अगदी सारखा येत होता.